माझा हार मीच आणला

दोन हजार तेवीस साल. मला तवा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी आहेत, पण तो मास्तरानं अंदाजानं लिहिलेला. मी तिसरीपर्यंतच टिकलो, त्यामुळं पुढं कुणी दुरुस्त केला नाही. दात सगळे जाग्यावर, गुडघे ठीक. हे अगोदर सांगून ठेवतो, कारण पुढं त्याच्यावरूनच वाद झाला.

त्या साली माझी नात व्हिएतनामला होती. माझ्या पोराची एकुलती एक पोरगी. बीडला इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, बी.एड. केलं, दोन वर्षं नोकरीची वाट बघितली. मग एका एजंटानं तिला तिकडच्या इंग्रजीच्या क्लासवर लावून दिलं. एक वर्षाचा करार. तिचा बाप नको म्हणत होता. मी म्हणलं, जाऊ द्या. घरात माझा शब्द चालतो, म्हणून ती गेली. पाडवा होऊन पंधरा दिवस झाले होते. जाताना एकच सांगितलं, "साल पुरं करून यायचं. अर्ध्यातून सुटायचं न्हाई."

साल म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. मी आमच्याच गावात, बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याला, एका बागायतदाराकडं अकरा वर्षं सालगडी होतो. पाडव्याला साल धरायचं, ते पुढच्या पाडव्याला सुटायचं. मधी मालक कसाही वागो, भाकर शिळी येवो, मोडायचं नाही. मी एकही साल मोडलं नाही. शेवटच्या साली मालकाच्या पोरानं माझ्यावर आसूड उगारला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला, खुंटीला अडकवला आणि औत जुंपलं. पाडव्याला मात्र त्या दारात परत उभा राहिलो नाही.

त्या वर्षी श्रावण दोन होते. पहिल्या श्रावणात पोरीचा फोन आला. बापाला नाही, मला लावला.

"आबा, मला परत यायचंय."

"कावून? जेवायला घालत न्हाईत?"

"घालतात. दिवसाला नऊ तास उभं राहून शिकवायचं. आणि सुट्टीच्या दिवशी बाजारात अस्वल होऊन पत्रकं वाटायची."

"काय होऊन?"

"अस्वल, आबा. तसला पोशाख देतात. डोक्यासकट."

आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा. मी म्हणलं, "म्हंजी दरवेशी सावलीत बसतोय आन नाचायलीस तू?"

ती हसली. हसता हसता रडायला लागली.

"रडू नगं. किती महिने राहिले?"

"आठ."

"मग पुरं कर."

सून ओट्यापाशी सगळं ऐकत होती. त्या दिवशी तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि वाढायला न थांबता आत गेली.

आठ दिवसांनी परत फोन आला, तो सगळ्यांच्या मधी ठेवून ऐकला. पोरीनं क्लासच्या मालकिणीला तोंडावर सांगितलं होतं, की मला हे काम जमत नाही. मी सांगितलं असतं तसंच. बाईनं कराराचा कागद दाखवला. पासपोर्ट बाईच्या कपाटात. वर्षाच्या आत सुटका एकाच कारणानं, घरात कुणी वारलं तर.

"मग?" मी म्हणलं.

पोरगा खाली बघायला लागला. सून म्हणाली, "म्हंजी कुणीतरी वारलं, असं कळवायचं."

"कोण?"

मग माझ्या ध्यानात आलं. माझी मंडळी जाऊन नऊ वर्षं झालेली. पोराला मारावं तर सुनेच्या कुंकवाचा प्रश्न. आईला मारायला पोरगी तयार नाही. राहिलो मी.

"आबा, हितं सगळे आजोबालाच मारतात," पोरगी फोनवरून म्हणाली. "एका केरळच्या मुलीचे तर दोनदा वारले."

"केरळचे मरू देत. मी अजून विहिरीचं पाणी शेंदतो. मी कावून मरू?"

"मामा," सून म्हणाली, "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"वाढवून करू काय? हाय तेवढंच सरंना."

"नुसतं कागदावर, आबा," पोरगा म्हणाला.

"तू गप बे. आज कागदावर मारशील, उद्या सातबाऱ्यावर."

मी उठून गोठ्यात गेलो. माझं म्हणणं सरळ होतं. दिलेला शब्द मोडायचा, तो मोडायला खोटं बोलायचं, आणि ते खोटं परत माझ्या नावावर. तिन्ही मला पटत नव्हतं. चार दिवस मी फोनवर गेलो नाही. सून बोलत नव्हती आणि मी तिला बोलवत नव्हतो.

पाचव्या दिवशी घरात मी एकटाच होतो, म्हणून फोन घेतला. मी नेहमीसारखा मोठ्यानं बोललो, तर पोरगी म्हणाली, "आबा, हळू बोला. पोरांचे आईबाप बाहेर बसलेत, त्यांना ऐकू जाईल."

"गेलं तर? मराठीच हाय, चोरी हाय का?"

तिनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "हितं मी लंडनची आहे, आबा. त्यांना तसंच सांगितलंय. नाव पण दुसरं ठेवलंय."

"बीडची न्हाईस?"

"बीड म्हणायचीच बंदी आहे."

"आन आजा?"

"आजोबा इंग्रज. घोड्यावर बसतात, असं पोरांना सांगायला लावलं."

माझ्या मालकानं मला शिव्या दिल्या, त्याच्या पोरानं आसूड उगारला. पण तुझं गाव तलवाडा नाही, तुझा बाप तुझा बाप नाही, असं म्हणायला कुणी लावलं नाही. सालगड्यानं अंगमेहनत द्यायची असते. हे त्यात बसत नव्हतं.

"म्हंजी तिथं मी न्हाईच," मी म्हणलं.

मी फोन ह्या कानावरून त्या कानाला घेतला.

"मग मेला म्हणून सांग. पर एक. आजा बीडचा हुता, बीडलाच मेला, असं सांगायचं. घोड्यावाला मारायचा न्हाई."

बाईनं पुरावा मागितला. हार घातलेला फोटो पाहिजे. सुनेनं टीव्हीवरचा प्लास्टिकचा हार काढला. मी म्हणलं, ठेव तो. एसटीनं गेवराईला गेलो आणि स्टँडजवळच्या फुलवाल्याकडं झेंडूचा हार मागितला.

"फोटोला का? कोण वारलं, आबा?" त्यानं विचारलं.

"मी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग मोठा घ्या की. रोज रोज थोडंच मरतंय माणूस."

मोठाच घेतला.

पोरगा म्हणत होता, घोंगडीवर जरा आडवे व्हा, खरं वाटेल. मी म्हणलं, नाकात कापूस घालून घेणार नाही. शेवटी त्याच्या लग्नातला माझा फेट्याचा फोटो स्टुलावर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. पोरगा मोबाईलवर फोटो काढताना मी त्याच्या मागं उभा होतो.

"हार डावीकडं सरकलाय," मी म्हणलं. त्यानं नीट केला.

तिसऱ्या दिवशी पोरीच्या हातात पासपोर्ट आला. विमानतळावरून तिनं फोन केला. आवाज मोकळा झाला होता. सून देवापुढं साखर ठेवायला गेली.

"मॅडम रडली, आबा," पोरगी म्हणाली. "तुमचा फोटो मोठा करून आणला, क्लासात टेबलावर ठेवला, पुढं फळं ठेवली. सगळ्या पोरांना हात जोडायला लावले. तिकडं मेलेल्या माणसाला लई मानतात."

"गाव काय सांगितलं?"

"बीडच. मॅडमनं पोरांकडून दोनदा म्हणून घेतलं."

मला ते बरं वाटलं नाही. पंधरा दिवस मी त्या बाईला मनात शिव्या देत होतो. अस्वल करणारी, गाव पुसणारी बाई. तिनंच माझ्यापुढं फळं ठेवली. माझ्या मंडळीच्या फोटोपुढं मी कधी ठेवली नव्हती. बाईनं पोरीला घालून पाडून बोललं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

पोरगी रविवारी दिवे लागायला घरी आली. बाप पुण्याला घ्यायला गेलता. वाळली होती. तीन भाकरी खाल्ल्या. साल मोडल्याचं कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. झोपायला जाताना तिनं विचारलं, "रागावलात, आबा?"

"झोप," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला. तोंडावर उजेड येईल असा दारात बसलो आणि पोरीला हाक मारली.

"त्या बाईला फोन लाव. तोंड दिसतंय तसला."

"आबा, येड लागलंय का? शिव्या घालेल ती."

"घालू दे. त्या ऐकायला जिता माणूस लागतोय."

तिकडं घड्याळ दीड तास पुढं असतं, क्लास उघडला असणार. पोरगी लई वेळ फोन हातात धरून उभी होती. मग तिनं लावला. पडद्यावर एक बारीक चणीची बाई आली, चष्मा लावलेली. मी हात जोडले.

"राम राम, बाई. मी बीडचा आजा. जिता हाय. पोरीला मी सोडवली, तवा काय बोलायचं ते मला बोला."

बाईनं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी पोरीला म्हणलं, "आता हे तिला इंग्रजीत सांग. काही गाळू नगं."