चार नंबरची पहार

सोमवारी सकाळी लोहारकामाच्या वर्गात चार जण आले. शनिवारी सोळा होते.

साल बहात्तर. आमची औद्योगिक प्रशिक्षण संस्था नगर जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात होती. गैरहजर बारा जण सहा मैलांवर, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेले होते. घरची सगळी माणसं तिथे दगड फोडत असताना यांनी भट्टीपुढे उभं राहून शिकणं घरात कुणाला पटण्यासारखं नव्हतं.

मी ड्रॉइंग आणि गणित शिकवत असे. मस्टरही माझ्याकडेच असे. आमच्याकडे फी नव्हती. भट्टी, कोळसा, शिकवणारा, सगळं सरकार देई. त्याच्या बदल्यात दोन गोष्टी मागे. एक, हजेरी. दुसरी, जॉब. जॉब म्हणजे शिकणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू. तिच्यावर त्याचा रोल नंबर ठोकायचा आणि तपासणी होईपर्यंत ती कपाटात ठेवायची.

प्राचार्य म्हणाले, "महिनाभर हजेरी निम्म्याखाली राहिली की मला वर कळवावं लागतं. कळवलं की ट्रेड बंद, म्हणजे लोहारकामाचा वर्गच बंद."

"आणि त्यांचं झालेलं वर्ष?"

"वाया. त्या चौघांचंही."

लोहारकाम शिकवणारे गणपत मास्तर दारातच उभे होते. ते म्हणाले, "पोरं येत न्हाईत, तर वर्गच तिकडं नेऊ. तिथं पहारींचा ढीग बोथट पडलाय. हितं मला जॉबला लोखंड मिळना."

"मास्तर, असं कुठल्या नियमात आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"ते जोशी सर बघत्याल. त्यांना वाचायची हौस हाय."

दुपारभर मी नियमांचं पुस्तक वाचलं. 'प्रात्यक्षिक निदेशकाच्या देखरेखीखाली व्हावे', एवढंच लिहिलं होतं. निदेशक म्हणजे आमचे मास्तर. छपराचा उल्लेख कुठेच नव्हता. प्राचार्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि सही केली.

बुधवारी बैलगाडीतून भाता, दोन ऐरणी आणि कोळसा तलावावर गेला. मुकादमाने आमच्या बारा जणांना दगडावरून काढून हत्यारं शेवटण्याच्या कामावर, म्हणजे बोथट टोकं तापवून पुन्हा काढायच्या कामावर घेतलं. त्यांची रोजची मजुरी चालू राहिली. हे नियमात बसतं का, ते मी शोधलं नाही. चौघे रोज आमच्याबरोबर येऊ लागले. मी सायकलवर मस्टर बांधून नेई आणि बांधावर बसून हजेरी घेई.

लोखंड तापवून टोक काढलं की ते पाण्यात बुडवून कडक करतात. त्याला पाणी पाजणं म्हणतात. आमच्याजवळ अर्धं पिंप पाणी होतं, तेच दिवसभर पुरवायचं. पाटी घेऊन जाणाऱ्या गंगूबाई रोज थांबून म्हणायच्या, "लोखंडाला पानी पाजताय व्हय मास्तर? आमच्या म्हशीला बी बांधू का हितं?"

मी एकच हट्ट धरला. प्रत्येक हत्यारावर रोल नंबर ठोकायचा.

"पहारीवर नंबर? मुकादम हसंल," मास्तर म्हणाले.

"हसू द्या. जॉब कपाटात राहणार नाहीत. निदान कुणाचे ते कळेल."

मास्तरांनी खिशातून पंचांची, म्हणजे लोखंडावर आकडे उठवायच्या ठशांची, डबी काढली. त्यात शून्य ते आठ असे नऊ पंच असतात. नऊचा आकडा हवा असेल तर सहाचा पंच उलटा धरायचा.

पंधरा दिवसांत एक गोष्ट झाली, जी मी योजली नव्हती. माणसं नंबर सांगून हत्यारं मागू लागली. "मला अकरा नंबरची दे. ती दोन दिस टिकती." चार नंबरची मात्र ढिगात तशीच पडून राही. चार नंबर म्हणजे लक्ष्मण. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. पहार पुरती तापायच्या आत पाण्यात घालायचा. टोक मऊ राहायचं.

महिना भरत आला आणि पुण्याहून तपासणी अधिकारी आले. वर्कशॉप रिकामं. जॉबचं कपाट रिकामं.

"जॉब कुठे आहेत?"

"वापरात आहेत, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी कपाट लावलं. मग जीप काढायला सांगितली.

तलावावर त्यांनी आधी मस्टर मागितलं. सोळाही हजर. नंतर ते दगडांवरून चालत निघाले. माणसाच्या हातातली पहार घ्यायची, आकडा बघायचा, टोकावर बोट फिरवायचं, वहीत लिहायचं. एवढ्यात गंगूबाई आडव्या आल्या.

"सायेब, ह्यो चार नंबर कोन हाय? याची पहार दुपारलाच मान टाकती."

"चार नंबर कोण?" साहेबांनी विचारलं.

लक्ष्मण भात्यामागे बसला होता. मास्तर म्हणाले, "उठ की. बाई नवं गिऱ्हाईक हाय तुजं."

साहेबांनी त्याला तिथेच ती पहार पुन्हा करायला लावली. या वेळी लक्ष्मण लाल रंग पुरता चढेपर्यंत थांबला. ती पहार गंगूबाईंनी स्वतः दगडात मारून बघितली. टोक वाकलं नाही. "हां," त्या म्हणाल्या आणि पहार घेऊन गेल्या.

ट्रेड चालू राहिला. अहवालात एकच शेरा होता: 'जॉब कपाटात नाहीत. यापुढे ठेवावेत.' पुढच्या वर्षी सोळाही जण परीक्षेला बसले. चौदा पास झाले, त्यांत लक्ष्मण होता. कपाटातल्या जॉबला आम्ही पासष्ट गुण देतो आणि विसरतो. बाईच्या हातातल्या जॉबला पास आणि नापास एवढंच असतं.

गणपत मास्तर गेल्या महिन्यात वारले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने ती पंचांची डबी मला आणून दिली. "बाबा म्हणायचे, ही सरांची." डबीत आठ पंच आहेत. चारचा पंच निकालाच्या दिवशी लक्ष्मणने मागून घेतला होता. तो अजून त्याच्या लोहारकीच्या दुकानात वापरात आहे. बाकीचे माझ्या टेबलाच्या खणात आहेत.