सहा फुटांचा बोर्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही विद्याला ओळखत नाही.

विद्या माझी धाकटी बहीण. हुबळीत, देशपांडे नगरात तिचा दातांचा दवाखाना आहे. मी धारवाडला केलगेरीत राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. चाळिशी उलटल्यावर आम्ही दोघींनी सर्फिंग शिकायला घेतलं — हसा, घरचेही हसले. शनिवारी पहाटे निघायचं, यल्लापूरला इडली खायची, घाट उतरायचा आणि गोकर्णाकडच्या एका किनाऱ्यावर दिवसभर लाटांच्या थपडा खायच्या. कल्पना माझी. पोहायला तिला मीच शिकवलं होतं, स्कूटरही मीच. साहजिकच सर्फिंगवरचं मिळेल ते सगळं मी वाचून काढलं. गाडी ती चालवायची, व्याख्यान मी द्यायची. मान्यवरांच्या भाषणांवर आयुष्यभर कुजकट शेरे मारत आलेली मी — पण समुद्र दिसेपर्यंत माझं भाषण काही संपत नसे.

आणि पाण्यात उतरलं की — कसं सांगू? तिला यायचं. नुसतं यायचं. शिकाऊ लोकांच्या त्या नऊ फुटी फोमच्या बोर्डावर ती दवाखान्यात उभी असावी तशी उभी राहायची. किंचित वाकून, कसलीही घाई नसल्यासारखी. आम्हाला शिकवणारा कृष्णा किनाऱ्यावरून ओरडायचा, "सूपर, डॉक्टर!" मला म्हणायचा, "मॅडम, गुडघे." एवढंच. गुडघे.

मला हेवा वाटत होता का? तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी त्याची थट्टा केली असती.

आता जे सांगायचं ते सांगण्याआधी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. नऊ फुटांवर हात बसला की बोर्ड लहान करतात, पण बेताबेतानं. आधी आठ, फार तर साडेसात. एकदम आखूड घेतला तर तो अंगाखाली नीट तरंगत नाही, लाट पकडण्याइतका वेग येत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या मऊ, बुटक्या लाटांवर तर नाहीच नाही. हे मला माहीत होतं. ऐकीव नव्हे — पाठ होतं.

त्या दिवशी कृष्णाने वाळूत दोन जुने बोर्ड मांडले. एक आठ फुटी, बोथट नाकाचा, रंग उडालेला. दुसरा सहा फुटी, पांढराशुभ्र, टोकदार. विद्याला एक विकत घ्यायचा होता. कृष्णाने आठ फुटीवर हात ठेवला. "डॉक्टर, इदु तगोळ्ळ्री." हाच घ्या म्हणे.

विद्याने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तू सांग. तू म्हणशील तो."

"सहा फुटी घे," मी म्हणाले. "तू आता नवशिकी थोडीच राहिलीस?"

ती लाजली. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई — लाजली. "खरंच म्हणतेस?"

"अगं खरंच."

कृष्णा काही बोलणार होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने आठ फुटीवरचा हात काढून घेतला. मॅडमनी सगळं वाचलंय, हे त्याला ठाऊक होतं.

पाहिलंत ना? मी तिला नावं ठेवली नाहीत, अडवलं नाही. कौतुक केलं. माझ्या तोंडून असं कौतुक तिने तोवर कधी ऐकलं होतं? मला आठवत नाही.

त्या दुपारी लाटेमागून लाट तिच्या खालून निघून गेली. ती जीव तोडून हात मारायची, बोर्ड अर्धा बुडालेला, लाट पुढे पळालेली. कधी पकडलीच तर टोक पाण्यात घुसायचं आणि ती पुढे पाण्यात फेकली जायची. मी माझ्या नऊ फुटीवर बसून बघत होते. मग एका लाटेवर मी उभी राहिले — पहिल्यांदाच, थेट वाळूपर्यंत. मागून आवाज आला, "वा, अक्का! वा!" नाका-तोंडात पाणी गेलेलं असताना ती ओरडत होती.

तेव्हा तरी सांगायचं ना? एक वाक्य पुरे होतं.

आणखी काही शनिवार ती झगडली. मग एकदा परतताना, घाटात, रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "माझ्यात नाहीच गं ते. आधी जमलं ते नशिबानं."

मी म्हणाले, "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

ती पुन्हा आली नाही. याला आता बरीच वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे जेवायला गेले होते. तिची थोरली मुलगी कॉलेजच्या सुट्ट्यांत सर्फिंग शिकून आली आहे. नऊ फुटीवर सहज उभी राहते म्हणे. "पुढचा बोर्ड कुठला घेऊ?" तिने आईला विचारलं.

"मला काय विचारतेस? मावशीला विचार, तिला कळतं त्यातलं."

मी सांगून टाकलं. "आठ फुटी घे. साडेसातच्या खाली आत्ताच जाऊ नकोस, सगळं बिघडेल." खरं तेच सांगितलं. पोरीच्या बाबतीत खोटं बोलवेना.

विद्या भात वाढत होती. तिचा हात थांबला. "पण अक्का, मला तर तू —"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, तशी.

"तेव्हाचे बोर्ड वेगळे होते गं," मी म्हणाले.

"हो का," ती म्हणाली. आणि तिला ते पटलं. तिने माझ्या पानात भात वाढला, वर तूप वाढलं, आणि मी जेवले.