इक्बालला 'ट्रेटर' म्हणणाऱ्या वर्गमित्रास

मंडळी, दोन तासांपूर्वी आपल्या शाळेच्या याच ग्रुपवर विलासने इक्बालला 'ट्रेटर' म्हटलं. का? तर पाकिस्तानी बोलरच्या यॉर्करला इक्बालने 'वा!' लिहिलं म्हणून. माझं डोकंच फिरलं!

ऐंशीच्या दशकातलं महाड आठवतंय का? इक्बालचे अब्बा कुवेतहून आणलेला रेडिओ मॅचच्या दिवशी दुकानाच्या फळीवर ठेवायचे. अख्खी आळी कॉमेंटरी ऐकायला जमायची, आपले इंग्रजीचे सरसुद्धा. समोरच्यांनी सुरेख चौकार मारला तरी सर टाळी वाजवायचे.

एकदा आपल्यातलाच एक पोरगा ओरडला, "सर, हा ट्रेटरपणा हाय!" शब्द सरांनीच त्या आठवड्यात शिकवलेला.

सरांनी रेडिओ बारीक केला. "ट्रेटर म्हणजे शत्रूला देश विकणारा. त्याला फाशी देतात. हा शब्द कुणाला लावायचा, तर त्याच्या गळ्यात दोर दिसला पाहिजे. माझ्या गळ्यात दिसतोय?"

पोरगा रडकुंडीला आला. अब्बांनीच त्याला जवळ घेऊन लिमलेटची गोळी दिली.

विलास, तो पोरगा तू होतास. सातवीतला होतास, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. आता तू आजोबा झालायस. सांग, त्याच अब्बांच्या इक्बालच्या गळ्यात दोर दिसतोय का तुला?