तहानेचा दिवस

आमच्या वस्तीत वर्षातून एक दिवस असा असतो, की गोष्ट सांगून संपेपर्यंत कुणी पाण्याला हात लावत नाही. एप्रिलचं ऊन, अंगाची नुसती लाही लाही होते, लेकरं ओठ चाटत बसतात. मधोमध हंडा भरून ठेवलेला, आणि गोष्ट सांगणारे माझे सासरे.

गोष्ट त्यांच्या तरुणपणची. धरणात गाव बुडालं, तेव्हा पंधरा-वीस घरं बैलगाड्यांत संसार भरून इथं, गोदाकाठच्या गायरानावर आली. नदी आटलेली, त्यात शेजारच्या गावानं विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. 'धरणवाले' म्हणून हाकललं. लेकरं दिवसभर तहानेनं रडली. गोष्ट इथवर आली की सासरे थांबतात, उपरण्यानं डोळे पुसतात. नवी नवरी होऊन आले त्या वर्षी मी हे ऐकून हुंदके देत रडले होते. येडीच होते मी!

मागच्या दिवाळीनंतर वस्तीवर एक बाई आली. शहागडच्या रोडवर तिची चहाची टपरी होती, मागं राहायची खोली. रस्ता रुंद करताना दोन्ही गेलं. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. वस्तीच्या कडेला, त्याच गायरानात तिनं चार पत्रे उभे केले आणि घागर घेऊन माझ्या दारात आली.

"ताई, तुमच्या हापशावरून पाणी न्हेऊ का?"

"मोठ्या माणसांला विचारते," मी म्हणाले.

हापसा काय माझ्या बापाचा होता? हो म्हणाले असते तर जीभ झडली असती का माझी? पण खरं सांगते, तिनं पत्रे उभे केले त्याच कोपऱ्यात माझ्या लेकाचं घर बांधायचं आमच्या मनात होतं.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. सगळे सासऱ्यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, हा माणूस तर नाही म्हणूच शकत नाही. त्यांनी निवांत तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "आज एक आली, उद्या धा येतील. आपल्यालाच जागा पुरंना. बिलकुल न्हाई."

सकाळी हापशाच्या वाटेवर फांद्या पडल्या होत्या. बाभळीच्याच. सासऱ्यांनी स्वतः तोडून आणल्या होत्या. हाताला काटे लागून रक्त आलं होतं, त्यावर हळद मीच लावली. ती बाई रिकामी घागर घेऊन आली, फांद्या बघून थांबली, धाकटीला कडेवर उचललं आणि माघारी वळली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारपर्यंत पत्रे उतरले. कुठं गेली, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

यंदा पुन्हा हंडा भरला. पुन्हा सगळे कोरड्या घशानं बसले. सासरे फांद्यांपर्यंत आले, उपरणं डोळ्यांकडं गेलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"मामा, मंग त्या गाववाल्यांचं तरी काय चुकलं व्हतं?"

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ते रागावले नाहीत.

"पाणी वाढ," म्हणाले.

गोष्ट अजून अर्धीच झाली होती. कुणी तसं म्हणालं नाही. सगळ्यांनी पेले पुढं केले. मी एकेकाला वाढत गेले, शेवटी माझाही भरून घेतला. पाणी थंडगार होतं. दोन पेले प्यायले.