विमानाच्या शेपटीतली टकटक

मी अमावास्येला नवी गाडी घरी आणणारा माणूस. बायको अजून ऐकवते. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यांत मोठ्यानं हसणारा मीच असायचो... त्यामुळे आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

मूळचा नाशिकचा, राहायला दोह्यात, अल मन्सूराला. विमानाच्या पत्र्याचं काम करतो. गेल्या हिवाळ्यात इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये एका हौशी शेखचं जुनं विमान पुन्हा उभं करत होतो. दुसऱ्या महायुद्धातलं फायटर – बनावट अमेरिकेची, लढाईसाठी दिलेलं ब्रिटिशांच्या हवाई दलाला. कुठल्याशा वाळवंटात कोसळलेलं. पायलटचं काय झालं, ते कागदांत नव्हतं.

माझे जोडीदार रत्नागिरीचे सलीमभाई. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे बिनटोकाचे खिळे, मारायला दोघं लागतात. बाहेरचा हवेच्या गननं ठोकतो, आतला मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. कानांवर मफ असतात, बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला पत्र्यावर टकटक करतो, ती बाहेरच्याला पत्र्यातून हाताला कळते. एकदा म्हणजे अजून ठोक. दोनदा म्हणजे बसला, पुढचा घे.

त्या दुपारी सलीमभाई शेपटीत होते. मी मध्येच कॉम्प्रेसर बघायला गेलो, परत येऊन गन उचलली. दोनदा टकटक. पुढचा. दोनदा टकटक. पुढचा. असे नऊ बसले. मी मफ काढून ओरडलो, "वा सलीमभाई, आज काय खाऊन आलात?"

"कोणाशी बोलतोस रे?"

आवाज पाठीमागून आला. सलीमभाई दारात उभे, डोक्यावर टोपी. "मी नमाजला गेलेलो. हाक मारली तुला, तू कॉम्प्रेसरकडे होतास."

टॉर्च मारला. शेपटी रिकामी. ठोकळा एका बाजूला पडलेला. आणि नऊच्या नऊ रिव्हेट मागून नीट चपटे झालेले... मागे कोणी ठोकळा धरल्याशिवाय ते होतच नाहीत.

चार रिव्हेट उरले होते. संध्याकाळी शेख बघायला येणार, काम अर्धवट दिसलं तर दोघांचीही नोकरी खलास. सलीमभाईंच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर.

"मी आत जाणार नाय," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक.

मग मी गेलो. पोटावर सरपटत, दरदरून घाम फुटलेला. ठोकळा दाबून धरला. सलीमभाईंनी बाहेरून ठोकलं. टकटक करायला मी हात उचलला, आणि त्याआधीच... माझ्या कानाशी, पत्र्यावर, दोनदा टकटक झाली.

"बरोबर! पुढचा!" बाहेरून सलीमभाई ओरडले.

मान वळवून बघायची हिंमत नव्हती. चारही रिव्हेट बसले. मी एकदाही टकटक केली नव्हती.

शेख खूश झाला, नोकऱ्या वाचल्या, लग्नही झालं. सलीमभाई चारचौघांत माझ्या धाडसाचं कौतुक करतात. त्यांना अजून वाटतं, आत मी एकटाच होतो.