थिनरचे खड्डे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

मी ग्रह बनवतो. हसू नका. चाळिशी उलटलेला कारकून, झाशीत प्रेमनगरच्या दोन खोल्यांत बसून ग्रह बनवतो! रविवारी आम्ही चौघे मित्र टेबलावर अंतराळयुद्धाचा खेळ मांडतो — फासे टाकायचे, यानं सरकवायची, ग्रह जिंकायचे. विकतचे ग्रह परवडत नाहीत. मी सजावटीच्या दुकानातून थर्माकोलचे गोळे आणतो आणि त्यांवर थिनरचा थेंब सोडतो. गोळा चरचरत आत खचतो, खड्डा फुकटात तयार. वरून स्प्रेचा रंग. मित्र वाहवा करायचे — आणि वाहवेला मी भारी हपापलेला.

पण इथली उन्हाळ्यातली धूळ ओल्या रंगावर बसली की सगळा विचका. म्हणून मी खिडक्या लावून घ्यायचो, दोन्ही खोल्यांच्या. मधे दार नाही, नुसता पडदा. पलीकडे आई.

खोकला आधी साधाच होता. मग ती बोलता बोलता थांबू लागली — श्वास गोळा करायला. कसला रे हा वास, एकदा विचारलं तिनं. जाईल, मी म्हणालो. मला कळत नव्हतं का? डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. मी वाचलं होतं.

डॉक्टरांनी मलाच विचारलं, "घर में पेंट, केमिकल, धुआँ — कुछ है, भैया?"

"नहीं जी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मला फार वाटला. मग म्हणाली, "मैं अगरबत्ती जलाती हूँ, डॉक्टर साहब. बस."

अगरबत्ती बंद करा, डॉक्टर म्हणाले. घरी आल्या आल्या तिनं देवापुढचा पुडा उचलला आणि शेजारणीला देऊन टाकला. पलंगावर टेकत मला विचारलं, "तुझे किती राहिलेत अजून?"

चार ग्रह राहिले होते. मी चारही पूर्ण केले — खिडक्या लावून. एकाही खड्ड्याची कड बिघडली नाही, याची मला आज भीती वाटते.

माघात आई गेली. अगरबत्तीच्या धुरानं घात केला, असं सगळे नातेवाईक धरून चालतात. परवा श्राद्धाला पानं वाढताना बहीण म्हणाली, "आईनं स्वतःच ओढवून घेतलं बघ."

"हो," मी म्हणालो.