राजाच्या कपाळावरची पिशवी

पडदा वर जातो. आमगावात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे एक बसकं घर. समोरच्या खोलीत नाटकाच्या जुन्या पडद्याची मखमल अंथरलेली. तिच्यावर थर्माकोलच्या पाट्या आणि पाट्यांत खोचलेले कॉम्प्युटरचे सुटे भाग. शेजारी नायलॉनचा स्वेटर घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत आमचा नायक इंद्रकुमार. नायक म्हणतो ते निव्वळ रंगभूमीच्या सवयीनं.

हा आमच्या नाटक मंडळीचा जुना प्रॉपर्टीवाला, म्हणजे मुकुट-गदा बनवणारा. त्याची गदा पहिल्याच अंकात वाकायची, सिंहासन दुसऱ्यात खचायचं आणि दोष मात्र नटाच्या वजनाचा. 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला असेल, तर तो भाग्यवान. पुढं गोंदियात कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि आमच्याकडे असं पाहू लागला, जणू आम्ही अजून पाटी-पेन्सिल घेऊन बसलोय.

"नाटक मरून राहिलं, दादा. आता मशीनचा जमाना," हे तो मला, भर मेकअपमध्ये बसलेल्या राजाला सांगायचा!

तरी मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांतल्या नाटकांचा, हंगाम आला की मुकुट त्याच्याकडूनच. थर्माकोल कापावं तर त्यानंच. हे माझ्या वैऱ्यालाही मान्य करावं लागेल.

२००४ चा हिवाळा. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. नवा मुकुट घालून मी त्याच्या आरशासमोर उभा होतो. चांदीसारखा लखलखत होता. खरं सांगतो, इतका देखणा मुकुट उभ्या हयातीत माझ्या डोक्यावर चढला नव्हता.

"हा शेवटचा," इंद्रकुमार म्हणाला. "आपल्या गोरेगावच्या शाळेचं काम भेटून राहिलं. मंग तुमची सोंगं तुम्हीच सजवा."

गावभर हेच सांगत सुटला होता तो. शाळेतले कॉम्प्युटर बंद पडले होते. याच्याकडचे भाग चालले, तर सगळी मशीनं सांभाळायचं काम कायमचं याला मिळणार होतं.

शाळेचे लोकेंद्र मास्तर मोटारसायकलवरून आले. इंद्रकुमारनं ऐटीत थर्माकोलमधून मेमरीची पट्टी उपटली, मखमलीवर घासूनपुसून चकचकीत केली. तिच्याजवळ बोट नेताच चट् असा आवाज झाला.

"पाहा मास्तर! मालात जान हाये!"

पट्टी कोपऱ्यातल्या त्याच्या मशीनमध्ये बसवली. मशीन नुसतं पीं-पीं करत राहिलं, पडदा काळाच. दुसरी पट्टी लावली, तेच. तिसरीनं चित्र दाखवलं आणि मशीन जागच्या जागी थिजलं. मास्तरांनी मान वर केली, तेव्हा नजर माझ्या कपाळावर खिळली. जवळ येऊन त्यांनी मुकुटावर बोट ठेवलं. चमकीवर एक छोटा त्रिकोण छापलेला होता. आत माणसाचा हात आणि त्यावर काट.

"इंद्रकुमारभाऊ, ही चमकी कुठली?"

"पार्टासंगं फुकट येते जी! पिशव्या हायेत. फेकायच्या कायले?"

"अहो, पार्ट याच पिशवीत ठेवायचा असतो. आपल्या अंगावरची वीज त्याला लागू नये म्हणून. थर्माकोल, मखमल घासली की वीजच तयार होते. आता तुम्ही चट् वाजवलं ना, तेवढ्यानंही तो मरतो."

चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोला, शकुंतलाबाईंना, पदर तोंडाला लावावा लागला. "बरं झालं बाई! दादाचं डोस्कं तं सुरक्षित राह्यलं!"

इंद्रकुमार हसला नाही. "वीज न् फीज काही नाही. थंडीनं आखडले असतील. जरा उन्हात ठेवतो, मास्तर."

"राहू द्या भाऊ. अर्धा मेलेला पार्ट पोरांच्या मशीनमध्ये नाही घालणार मी." चहा अर्धाच ठेवून मास्तर गेले. शाळेचं काम त्यांच्याबरोबरच गेलं.

माणूस डोळ्यांसमोर कोसळत असताना पडदा पाडून निघून जाणं मला जमत नाही, मग तो माणूस कितीही तिरसट असो. मी म्हणालो, "इंद्रकुमार, मंडळी तुझीच आहे. हंगामभर आमच्यासोबत चल. असा मुकुट साऱ्या झाडीपट्टीत कुणी करून दाखवावा!"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटीतल्या पट्ट्या एकेक करून उपटत राहिला. मग उठला, खिळ्याला लटकलेली कात्री घेतली आणि माझ्यासमोर हात पसरला.

"मुकुट काढा, दादा. पिशव्या माह्या हायेत."